उंबरठ्याच्या आतले बंड

घर सोडून जाणाऱ्या स्त्रीची गोष्ट नाटककाराला सोयीची असते, कारण तिला एक शेवट असतो. १८७९ च्या डिसेंबरात कोपनहेगनच्या रंगभूमीवर इब्सेनच्या नोराने आपल्या मागे घराचे दार ओढून घेतले आणि त्या दाराचा आवाज पुढे साऱ्या युरोपभर ऐकू गेला. अनंत काणेकरांनी ‘घरकुल’ या नावाने ते नाटक मराठीत आणले, तेव्हा तो आपल्याकडेही पोहोचला. परंतु जी स्त्री घर सोडून गेली नाही, जी त्याच स्वयंपाकघरात, त्याच सासू-नणंदांच्या सहवासात राहिली आणि तरीही जिच्या नुसत्या असण्याने त्या घराचा वासा न् वासा हलला, तिची गोष्ट सांगणे कठीण असते. तिच्या गोष्टीत दार वाजत नाही. एक पाटी, एक पुस्तक, माडीवर रात्री उशिरापर्यंत तेवणारा दिवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांच्या तोंडावर दिसणारी अढी, एवढेच तिचे प्रसंग. महाराष्ट्रातील घरे ज्या स्त्रियांनी बदलली, त्यांपैकी पुष्कळजणी या दुसऱ्या जातीच्या होत्या. त्यांतील एकीच्या घराची हकीकत समजून घेतली, तर एखादी मनस्वी मुलगी जुन्या वळणाच्या घरात आली म्हणजे नेमके काय ढळते आणि का ढळते, हे बरेचसे स्पष्ट होईल.

१८७३ च्या डिसेंबरात पुण्यास एका अकरा वर्षांच्या मुलीचे लग्न झाले. ती देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकर घराण्यातील. माहेरचे नाव यमुना. पुढच्याच वर्षी कल्याणच्या जोशी घराण्यातील एका नऊ वर्षांच्या मुलीचे लग्न झाले. तिचेही माहेरचे नाव यमुनाच. दोघींचे पती बिजवर आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. दोघांनाही एकच ध्यास होता, आणि तो म्हणजे बायकोला शिकवावयाचे. पुण्याची यमुना ही पुढे रमाबाई रानडे झाली आणि कल्याणची यमुना आनंदीबाई जोशी. दोन मुली, एकच काळ, एकाच प्रकारचे विवाह. परंतु दोघींच्या वाटा मात्र अगदी भिन्न झाल्या. त्याचे कारण स्वभावाइतकेच घरांच्या रचनेत सापडते.

कल्याणची गोष्ट प्रथम पाहावी. १८५३ साली मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली आणि पुढच्या वर्षी ती कल्याणला पोहोचली. बाळकुमसारख्या खाडीकाठच्या गावांतून आणि कल्याणच्या जुन्या वाड्यांतून तिची शिट्टी ऐकू येऊ लागली, म्हणून आतले सोवळे काही सैल झाले नाही. टपालखात्यातील कारकून गोपाळराव जोशी हा त्या नव्या जगाचा मनुष्य. पत्नीचे नाव त्याने आनंदी ठेवले आणि तिच्या शिक्षणाचा हेका धरला. परंतु माहेर त्याच गावात. वडील माणसे रोजच्या येण्याजाण्यात. अशा ठिकाणी मुलीच्या हातात पुस्तक टिकत नाही, हे त्याने लवकर ओळखले आणि अलिबागेस बदली करून घेतली. तेथून कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशी त्यांची यात्रा झाली. म्हणजे गोपाळरावाने घराशी झुंज दिली नाही. तो पत्नीला घरापासून दूर नेत राहिला. १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी अमेरिकेस जाण्याविषयी भाषण केले, तेव्हा लोकांनी विचारलेल्या शंका त्यांनी एकेक घेऊन निवारल्या. एकटी का जातेस, परत आल्यावर बहिष्कार पडणार नाही काय, जे कोणा स्त्रीने केले नाही ते तू का करावे, असे ते प्रश्न होते. ७ एप्रिल रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या, १८८६ च्या मार्चात फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी झाली नसता, पुण्यास क्षयाने वारल्या.

या कथेची एक काळी बाजू आहे, ती झाकून उपयोगी नाही. अभ्यासासाठी गोपाळरावाने त्या लहान मुलीस मारहाण केली होती, आणि पुढे अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनीच त्या दिवसांचे स्मरण त्याला करून दिले आहे. घराच्या जाचातून सुटका झाली, पण ती ज्याने केली त्याच्या हाती तिने संपूर्ण जावे असा तो व्यवहार होता. घर दूर राहिले. त्याबरोबर घराचा आडोसाही दूर राहिला.

पुण्याच्या यमुनेला मात्र कोणी दूर नेले नाही. ती पडली भरल्या घरात.

महादेव गोविंद रानडे त्या वेळी एकतीस वर्षांचे होते. न्यायखात्यात मोठा हुद्दा, विद्वत्तेची कीर्ती आणि विधवाविवाहाच्या चळवळीत अग्रस्थान. त्यांची पहिली पत्नी १८७३ सालीच वारली. आता हा मुलगा एखाद्या विधवेशी लग्न लावणार, या भीतीने वडील गोविंदराव यांनी घाईने कुमारिकेशी विवाह ठरविला. मुलाने पुष्कळ विनविले, वडील ऐकेनात, शेवटी मुलगा नमला. विधवाविवाहाचा पुरस्कर्ता स्वतःची वेळ येताच अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह करतो, हे पाहून त्यांच्या मित्रांना खेद झाला आणि विरोधकांना हसण्यास जागा मिळाली. हा डाग रानड्यांच्या चरित्रकारांनीही पुसलेला नाही.

त्या मुलीला अक्षरओळख नव्हती. कुर्लेकरांच्या घरी मुलींना शिकविणे वर्ज्य मानीत, कारण घराण्यातील एक बाई लिहावयास शिकली आणि पुढे विधवा झाली. त्या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध घराने जुळवून ठेवला होता. असले समज आज हास्यास्पद वाटतील. परंतु जेथे वैधव्य म्हणजे स्त्रीचे जिवंत मरण होते, तेथे त्याची सावलीही टाळावी असे वाटणे स्वाभाविक होते. सासरी पाठविताना वडिलांनी मुलीला एक उपदेश केला, आणि तो तिने जन्मभर पाळला. सासरी कितीही सोसावे लागले तरी सोसावे आणि घरातील कोणाविषयी नवऱ्याकडे चहाडी करू नये. हा उपदेश ध्यानात ठेवला नाही, तर पुढील वीस-पंचवीस वर्षांतील तिचे मौन समजत नाही.

लग्न होताच रानड्यांनी पत्नीस शिकविण्यास आरंभ केला. रात्री माडीवर पाटी-पेन्सिल घेऊन मुळाक्षरे, मग मराठी पुस्तके, पुढे इंग्रजी. दिवसा ही मुलगी घरातील धाकटी सून. रात्री ती विद्यार्थिनी. येथूनच घरात कुरबूर सुरू झाली. घरात सासूबाई, नणंद आणि इतर नातलग बायका मिळून बराच मोठा स्त्रीवर्ग होता. त्यांनी या मुलीस आरंभी रागावून नव्हे, तर समजुतीने सांगितले. पुरुषांना अशा लहरी येतात. ऐकल्यासारखे करावे, करू मात्र नये. थोड्या दिवसांनी त्यांचे तेच थकतात. सुनेने वडीलधाऱ्यांची मर्जी सांभाळावी, त्यातच तिचे हित. अनेक पिढ्यांच्या अनुभवातून आलेले हे व्यवहारज्ञान होते, आणि सामान्य घरात ते खरेही ठरले असते. परंतु येथे नवरा थकला नाही आणि मुलीने शिकल्याचे सोंग केले नाही. ती खरोखरच शिकू लागली. तिला शिकणे आवडू लागले. तेव्हा समजुतीची जागा टोमण्यांनी घेतली.

अक्षरे शिकण्यासारख्या निरुपद्रवी गोष्टीने एवढे मोठे घर अस्वस्थ का व्हावे? याचे उत्तर ‘अज्ञान’ या एका शब्दात देऊन चालणार नाही. एकत्र कुटुंबाची घडी कशावर उभी होती, हे पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट म्हणजे वडीलकीची उतरंड. पुरुषांच्या जगात मान विद्येने, पैशाने किंवा हुद्द्याने मिळे. माजघरात तो केवळ वयाने व नात्याने मिळे. धाकट्या सुनेने सर्वांत आधी उठावे, सर्वांच्या मागून जेवावे, आणि अशीच वर्षे काढून एके दिवशी स्वतः सासू व्हावे, हा त्या व्यवस्थेतील एकमेव उत्कर्ष. आता सर्वांत धाकटी मुलगी पोथी वाचू लागली, वर्तमानपत्र वाचू लागली, आलेल्या पत्रातील मजकूर सांगू लागली. जे ज्ञान सासूजवळ नाही ते सुनेजवळ आले. तिने तोंडाने एक शब्दही उणा काढला नाही, तरी उतरंडीतील खालचे मडके हलले.

दुसरी गोष्ट सोवळ्याची. स्वयंपाकघर हे त्या स्त्रियांचे राज्य आणि सोवळे हा त्या राज्याचा कायदा. इंग्रजी शिकविण्यास इंग्रज बाई येऊ लागल्यावर तिला शिवलेली सून तशीच आत कशी येणार? शिकवणी संपली की स्नान करावे, मगच घरात वावरावे, असा आग्रह सुरू झाला. वरवर पाहता हा धर्माचा प्रश्न. परंतु आतून पाहता तो सत्तेचाही प्रश्न होता. माडीवर काय चालावे हे बायकांच्या हाती नव्हते. चुलीपाशी कोणी यावे एवढे मात्र त्यांच्या हाती होते. ज्याच्या हाती जे शस्त्र असते, तेच तो उचलतो.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. त्या काळच्या मोठ्या घरात पतिपत्नींनी दिवसा एकमेकांशी बोलणेही प्रशस्त समजत नसत. मुलगा हा आईचा, वडिलांचा, बहिणींचा. सुनेचा वाटा सर्वांत शेवटचा. रोज रात्री दोन-दोन तास पतीने पत्नीस शिकविणे म्हणजे त्या दोघांचे एक स्वतंत्र जग निर्माण होणे. ज्या घरात एकही खोली कोणा एकट्याची नाही, तेथे असे जग उभे राहिले की इतरांना आपण बाहेर राहिल्याची जाणीव होते. ही जाणीव बोलून दाखविता येत नाही. म्हणून ती पुस्तकावर राग काढते.

आणि चौथी गोष्ट. त्या घरात दुर्गा नावाची रानड्यांची बहीण होती. तिला अकाली वैधव्य आले होते. रमाबाईंना जे बोल ऐकावे लागले, त्यांतील तीक्ष्ण बोल पुष्कळदा या नणंदेचे असत. रमाबाईंच्या आठवणी वाचताना वाचकाला तिचा राग येतो. परंतु क्षणभर तिच्या जागी उभे राहून पाहावे. भाऊ विधवाविवाहाचा महाराष्ट्रातील मोठा पुरस्कर्ता. त्याच्याच घरात ती विधवा म्हणून राहिलेली. भावाची व्याख्याने, भावाचे वादविवाद, भावाचे मित्र, सारे तिच्या डोळ्यांपुढून जाणारे. तिच्या आयुष्यात मात्र त्यातले काहीच उतरले नाही. अशा स्त्रीपुढे एक अकरा वर्षांची मुलगी येते आणि जे कोणी तिला कधी देऊ केले नाही, ते या मुलीच्या पायांशी रोज रात्री आणून ठेवले जाते. दुर्गाबाई कर्मठ होत्या, हे खरे. पण कर्मठपणा हा त्यांच्याजवळ उरलेला एकमेव मान होता. तोही या मुलीच्या पाटीने निरर्थक ठरू लागला, तर त्यांनी कशाच्या आधारावर जगावयाचे? सुधारणेचा हिशेब मांडताना ही बाजू सहसा मांडली जात नाही. सुधारणा ज्यांच्यापर्यंत उशिरा पोहोचते किंवा मुळीच पोहोचत नाही, त्यांना ती आपल्या दुःखाची थट्टाच वाटते.

१८७८ साली रानड्यांची बदली नाशिकला झाली आणि रमाबाईंना मोकळा श्वास मिळाला. तेथे घर लहान, टोमणे कमी. अभ्यास वाढला, बायकांत मिसळणे, हळदीकुंकवाच्या निमित्ताने चार स्त्रियांना एकत्र जमविणे, शाळेच्या समारंभात भाग घेणे सुरू झाले. हळदीकुंकू हे जुने, सर्वमान्य निमित्त. त्यातून नवे काम साधावयाचे, ही रमाबाईंची पुढे आयुष्यभर दिसणारी पद्धत येथेच अंगवळणी पडली.

पुण्यास परतल्यावर मात्र खरी कसोटी लागली. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. संस्कृत शास्त्रांत पारंगत, नुकत्याच विधवा झालेल्या, कडेवर लहान मुलगी, आणि सभेत निर्भयपणे बोलणाऱ्या. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. आठवड्यास सभा भरू लागल्या आणि रमाबाई रानडे त्या सभांना नियमाने जाऊ लागल्या. घरातील बायकांच्या दृष्टीने हे पाटीपुस्तकापेक्षा शतपट भयंकर होते. पुस्तक निदान घरात होते. सभा घराबाहेर होती. सभेहून आलेल्या सुनेला ओवळी समजून दूर ठेवण्यात येऊ लागले. एकाच छताखाली राहून परक्यासारखे वागविले जाण्याचे दुःख काय असते, हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक.

या साऱ्याचा कळस १८८४ साली झाला. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल काढण्याची खटपट रानडे, वामनराव मोडक, डॉ. भांडारकर आदी मंडळींनी चालविली होती. त्यासाठी भरलेल्या सभेस मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन उपस्थित होते, आणि त्यांच्यासमोर स्त्रियांच्या वतीने इंग्रजी निवेदन वाचण्याचे काम रमाबाईंवर आले. बावीस वर्षांच्या आत-बाहेरची ती स्त्री भर सभेत उभी राहिली आणि तिने ते वाचले. त्याच वर्षीच्या २९ सप्टेंबरला ती शाळा सुरू झाली. आज सारे पुणे तिला हुजूरपागा म्हणून ओळखते. बाहेर टाळ्या पडल्या. घरी आल्यावर रमाबाईंना जे ऐकून घ्यावे लागले, ते त्यांनी पुढे आपल्या आठवणींत नोंदवून ठेवले आहे. परपुरुषांच्या, तेही साहेबाच्या, सभेत घरची सून उभी राहून बोलली! घराण्याची अब्रू, वडिलांचे नाव, बायकी जातीची मर्यादा, सर्वांचा उद्धार झाला. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही. त्यांनी रानड्यांकडेही तक्रार नेली नाही. रानड्यांना अर्थातच सर्व दिसत होते. परंतु त्यांचा सल्लाही एकच असे, की आपण शांतपणे सोसावे, उत्तर देऊ नये.

रानड्यांच्या या सल्ल्यात त्यांच्या सौम्य स्वभावाचा भाग होता तसा त्यांच्या दुर्बलतेचाही होता. घरातील वडील माणसांपुढे ते स्वतः सदैव नमले होते. लग्नाच्या वेळी नमले. विधवेशी विवाह केलेल्या विष्णुशास्त्री पंडितांना त्यांनी घरी जेवावयास बोलाविले, तेव्हा वडील घर सोडून कोल्हापुरास जावयास निघाले. मुलाने मूकपणे त्यांच्यापुढे उभे राहून त्यांची मनधरणी केली. पुढे १८९० च्या पंचहौद मिशनमधील चहाच्या प्रकरणातही त्यांनी १८९२ साली मित्रांबरोबर प्रायश्चित्त घेतले. ते रमाबाईंना रुचले नाही. पतीच्या शिकवणीसाठी जिने घरातील बहिष्कार सोसला, तिला पतीने बाहेरच्या बहिष्कारापुढे मान लवविलेली पाहावी लागली. तिचे दुःख समजण्याजोगे आहे. ज्याच्या आज्ञेने ती पुढे गेली, त्याच्याहून ती आता दोन पावले पुढे उभी होती.

येथे एक विरोधाभास लक्षात येतो. घरच्या बायका रमाबाईंना स्वच्छंदी, मर्यादा सोडलेली म्हणत; परंतु रमाबाई प्रत्यक्षात आज्ञाधारकच होत्या. शिकावे ही पतीची आज्ञा, सभेत जावे ही पतीची आज्ञा, सोसावे ही पित्याची आणि पतीची आज्ञा. एक आज्ञा पाळली की दुसरीचा भंग व्हावा, अशा कात्रीत ती मुलगी सापडली होती. तिचे स्वातंत्र्य तिला कर्तव्य म्हणून मिळाले होते. मग तिच्या स्वतःच्या मनाचे त्यात काय होते? याचे उत्तर प्रारंभीच्या वर्षांत सापडणार नाही. ते सापडते पुढे, पतीची आज्ञा देणारा आवाज थांबल्यानंतर.

मात्र त्याआधी, त्याच काळी तिसरी एक वाट चोखाळली गेली होती, तिचा उल्लेख करणे अवश्य आहे. लहानपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी पतीच्या घरी नांदावयास जाण्याचे नाकारले. दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. अपिलानंतर १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदावयास जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ साली तडजोड झाली आणि पुढे त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. म्हणजे एकाच दशकात एक आनंदीबाई समुद्र ओलांडून गेली, एक रखमाबाई कोर्टात उभी राहिली आणि एक रमाबाई घरातच राहिली. पहिल्या दोघींचे धैर्य डोळ्यांत भरते. तिसरीचे भरत नाही, कारण तिचा प्रतिपक्ष रोज तिच्याच पंक्तीला जेवत होता.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे वारले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्या आत होत्या. मूलबाळ नव्हते. आता शिकविणारा नव्हता, ढकलणारा नव्हता, पाठीशी उभा राहणाराही नव्हता. रूढीप्रमाणे कोपऱ्यात बसून उरलेले आयुष्य काढले असते, तरी कोणी नाव ठेवले नसते. किंबहुना घरातल्या जुन्या मतांचा तोच विजय ठरला असता. काही काळाच्या शोकानंतर त्या बाहेर पडल्या त्या स्वतःच्या इच्छेने. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्रीकैद्यांना त्या भेटू लागल्या. १९०४ साली मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी स्वीकारले. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले; १९१० साली त्यांच्या आठवणींचे पुस्तक निघाले. मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी त्या झगडल्या. १९२४ साली त्यांचे देहावसान झाले. पतीच्या मागे लाभलेली ही तेवीस वर्षे हेच त्या प्रश्नाचे उत्तर आहे. जे कर्तव्य म्हणून हाती पडले होते, ते त्यांनी केव्हाच आपलेसे केले होते.

या कथेवरून कोणी असा निष्कर्ष काढील, की मुलींनी निमूटपणे सोसावे, म्हणजे एके दिवशी सर्व सुरळीत होते. तो निष्कर्ष चुकीचा आहे आणि घातकही आहे. रमाबाईंचे मौन पुढील पिढ्यांतील कित्येक सुनांच्या तोंडाला कुलूप लावण्यासाठी उदाहरण म्हणून वापरले गेले असेल, तर तो रमाबाईंचा दोष नव्हे. त्यांनी बोलण्याचे टाळले. करावयाचे मात्र एकदाही टाळले नाही. सभेला जाऊ नको म्हटल्यावर त्यांनी वाद घातला नाही, आणि पुढल्या आठवड्यास त्या सभेला गेल्या. सोशिकपणा तो हाच. नुसते सोसून जी सभाच सोडते, तिच्या सोसण्याने घर तसूभरही हलत नाही. शिवाय रमाबाईंच्या पाठीशी पती होता, हुद्दा होता, पैसा होता. ज्या घरात यांपैकी काहीच नाही, तेथे रखमाबाईंची वाट किंवा आनंदीबाईंची वाटच मोकळी राहते, आणि ती घेणाऱ्या मुलीला दोष देण्याचा अधिकार कोणास नाही.

तरीही घरात राहून घर बदलणाऱ्या स्त्रीचे एक विशेष आहे. घर सोडणारी स्त्री स्वतः सुटते. मागे राहिलेल्या बायकांचे काय होते, हे तिला पाहावे लागत नाही. रमाबाईंना ते रोज पाहावे लागले. ज्यांनी त्यांना टोचून बोलले, त्यांच्या हातांवरील घट्टे, त्यांची व्रतवैकल्ये, त्यांचे वैधव्य, त्यांची पुढ्यात वाढून ठेवलेली आणि कधी न संपणारी दुपार, हे सर्व त्यांनी जवळून पाहिले. म्हणूनच पुढे त्यांनी जी संस्था वाढविली, ती पदवीधर स्त्रियांचे मंडळ झाली नाही. सेवासदनात आल्या त्या बहुधा घरातल्या, अर्धवट शिकलेल्या, मुळीच न शिकलेल्या बायका. आणि त्यांत विधवा पुष्कळ. वाचन, शिवण, मग परिचारिकेचे शिक्षण, अध्यापनाचे शिक्षण. आपल्या पायांवर उभे राहण्याचे साधन हाती आले, की कोणाच्या घरी आश्रित म्हणून सोवळे सांभाळीत बसावे लागत नाही.

सेवासदनाचे काम सुरू झाले ते रानड्यांच्या पुण्यातील वाड्यात. जे घराणे एका मुलीच्या पाटीपेन्सिलीने एकेकाळी हादरले होते, त्याच घराण्याच्या वाड्यात आता दुपारी विधवा स्त्रिया पाटी घेऊन बसू लागल्या. दुर्गाबाईंना तरुणपणी असे एखादे दार कोणी उघडून दिले असते, तर त्या काय झाल्या असत्या? कदाचित त्या वाड्यातील उत्तम शिक्षिका त्याच झाल्या असत्या. करारीपणा त्यांच्याजवळ होताच. तो सारा करारीपणा एका लहान मुलीच्या पुस्तकावर खर्च झाला, ही त्या घराची खरी हानी. ती हानी रमाबाईंनी ओळखली होती, असे त्यांचे पुढील काम सांगते.